आटणीचं देणं

आमच्या खानापूर तालुक्यातल्या कुठल्याही गावात जा, घरटी एक माणूस परमुलखात असतो. काय करतो म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "गलाई." सराफ बाजार असेल तिथं, मग ते गाव आसामात असो की केरळात, विटा-खानापूर-आटपाडी-तासगावकडचा कुणीतरी मूस मांडून बसलेला सापडतो. जुने दागिने आटवायचे, लगड पाडायची, टंच काढून द्यायचा, सोनं आणि चांदी वेगळी करायची, हा धंदा. टेंभूचं पाणी आमच्या माळावर यायच्या आधी बाजरीच्या जिवावर पोरं शिकवणं कुणाला जमण्यातलं नव्हतं. या भागातली कितीतरी देवळं, शाळेच्या खोल्या आणि लग्नं गलाईच्या पैशावर उभी राहिली. मी जनुकशास्त्रात आले तीही त्याच पैशावर.

पैसा तात्यांचा. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. वडिलांनी घरची कोरडवाहू सांभाळली आणि तात्या सातवी होताच एका गाववाल्याचं बोट धरून कोइमतूरला गेले. आधी पोऱ्या म्हणून कोळसा फोडला, राख चाळली, चहा आणला. मग भट्टीवर हात बसला, मग कुणाशी तरी भागी झाली, मग सराफ गल्लीच्या एका बोळात स्वतःचं दुकान. तमिळ इतकं सफाईनं बोलायचे की गिऱ्हाइकाला हा माणूस परका आहे हे कपाळाच्या बुक्क्यावरूनच कळायचं.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं तिकडं जायचो. पुढं काउंटर आणि तराजू, मागं भट्टी. खिडकी एकच, आणि तीही बहुतेक लावलेली. वाऱ्यानं जाळ हलतो आणि खाली सांडलेलं सोनं उडतं, हा त्या धंद्यातला पहिला धडा. दागिना आला की तो सवागी टाकून मुशीत वितळवायचा. शुद्ध सोनं हवं असेल तर त्यात तिप्पट चांदी मिसळायची, त्याचे रवे पाडायचे आणि ते तेजाबात उकळायचे. चांदी विरघळून जायची, तळाला काळपट तांबूस भुकटी उरायची. तीच सोनं. मग त्या तेजाबाच्या पाण्यात तांब्याचा पत्रा सोडला की गेलेली चांदी पत्र्यावर येऊन बसायची. पुढं मला रसायनशास्त्राचे बरेच शिक्षक मिळाले. इतकं नीट कुणी दाखवलं नाही.

तेजाबाच्या तांबूस धुराला सगळे भ्यायचे. तोंडाला फडकं बांधायचे, परात मागच्या दाराबाहेर नेऊन ठेवायचे. घशाला लागायचा ना तो, डोळ्यांत पाणी आणायचा. ज्या धुराचं खरं भय धरायला हवं होतं त्याला वास नव्हता.

ऐंशीच्या दशकापासून बाजारात केडीएमचा बोलबाला होता. पूर्वी सोनार सांधे झाळायला सोन्यात तांबं घातलेला डाक वापरत. त्या डाकात सोनं बरंच कमी, म्हणून दागिना आटवला की टंच घसरायचा आणि गिऱ्हाईक सोनाराच्या नावानं बोटं मोडायचं. कॅडमियमच्या डाकानं, म्हणजेच केडीएमनं, ही कटकट मिटवली. शंभरात ९२ भाग सोनं, ८ भाग कॅडमियम. कमी आचेवर वाहतो, सांधा दिसत नाही, टंच राहतो. "केडीएम माल आहे" असं सराफ अभिमानानं सांगायचे आणि तात्याही ते वाक्य तमिळमधून तितक्याच अभिमानानं म्हणायचे.

आता त्यातली मेख. कॅडमियम ३२१ अंश सेल्सियसला वितळतं आणि ७६७ अंशांना उकळतं. सोनं नुसतं वितळायलाच १०६४ अंश लागतात. म्हणजे केडीएमचा दागिना मुशीत गेला की सोनं पातळ होईतोवर कॅडमियमची वाफ झालेली असते. हवेत त्या वाफेचा ऑक्साइड होतो, आणि तो बारीक धूर मुशीवर वाकलेल्या माणसाच्या छातीत उतरतो. सोनार एका वेळी एक सांधा झाळतो. गलाईवाला अख्ख्या बाजारातले सांधे एका मुशीत आटवतो. शरीरात गेलेलं कॅडमियम सहजी बाहेर पडत नाही. यकृतात आणि मूत्रपिंडात साचून बसतं, आणि त्यातलं निम्मं कमी व्हायला दहा ते तीस वर्षं लागतात.

यातलं एक अक्षर तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. बारावीनंतर मला पुढं शिकवायचं की नाही यावर घरात खल चालला होता, तेव्हा तात्या दिवाळीला गावी आले होते. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत ते गप्प बसले आणि मग वडिलांना म्हणाले, "दादा, हिच्या लग्नाला म्हणून मी चार तोळं बाजूला ठेवलंय. ते आटवतो आणि फीला लावतो. लग्नाचं तिचं ती बघंल." आई रडली. मला वाटतं ती लग्नाच्या सोन्यासाठी रडली असावी, पण मी कधी विचारलं नाही. त्यानंतर कोल्हापूरला बी.एस्सी. आणि पुण्याला एम.एस्सी. होईपर्यंत दर महिन्याला मनिऑर्डर येत राहिली. कुपनावर एकच ओळ: पैसे पोचल्याचे कळवणे. मी काय शिकते हे त्यांनी त्या काळात कधी विचारलं नाही. फी भरली का, एवढंच विचारायचे.

मी शिकत होते ते सरकणाऱ्या डीएनएबद्दल. हे प्रकरण बार्बरा मॅक्लिंटॉक या बाईंनी मक्याच्या कणसात पाहिलं. न्यूयॉर्कजवळ कोल्ड स्प्रिंग हार्बर इथं १९४० च्या दशकात त्या मक्याच्या दाण्यांवरचे ठिपके आणि पट्टे बघत बसल्या होत्या. एकाच दाण्यात रंग मध्येच जातो, मध्येच येतो, हे कसं? गुणसूत्राचा एक तुकडा जागा बदलतो आणि जिथं जाऊन बसतो तिथल्या जनुकाचं काम बंद पाडतो, असं त्यांनी दाखवलं. १९५० मध्ये निबंध आला, पुढच्या वर्षी त्यांनी मोठ्या परिषदेत तो विषय मांडला, आणि श्रोत्यांना फारसं काही उमगलं नाही. नोबेल मिळालं १९८३ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, एकटीला. त्या वेळच्या भाषणात त्यांनी विषय घेतला तो वेगळाच होता. पेशीवर अचानक आघात झाला की तिचा जनुकसंच त्याला कसा सामोरा जातो, हा. हे फिरते तुकडे अशा आघातानंतर जागे होतात, हे त्यांनी मक्यात पाहिलं होतं. जड धातू हाही एक आघातच. पण त्या दिशेला माझं लक्ष जायला अजून वेळ होता.

माणसाच्या जनुकसंचाचा सुमारे ४५ टक्के भाग अशा फिरत्या तुकड्यांचा किंवा त्यांच्या अवशेषांचा आहे. त्यातला आपला मुख्य कारभारी म्हणजे लाइन-वन. जनुकसंचातला सुमारे १७ टक्के भाग एकट्या त्याचा, जवळजवळ पाच लाख प्रती. बहुतेक मोडक्या, निकामी. एका माणसात ऐंशी ते शंभर तेवढ्या अजून जिवंत असतात. जिवंत लाइन-वन सुमारे सहा हजार अक्षरांचा असतो. तो स्वतः हलत नाही. त्याची आरएनए प्रत निघते, ती पेशीद्रवात जाते, तिच्यावरून दोन प्रथिनं बनतात, आणि ती प्रथिनं त्याच प्रतीला घेऊन केंद्रकात परततात. मग त्यातलं एक प्रथिन डीएनएला खाच पाडतं आणि त्या खाचेतच आरएनएवरून नवा डीएनए विणून घालतं. बऱ्याचदा विणकाम अर्धवट सुटतं आणि नवी प्रत जन्मतःच मेलेली निघते. अल्यू नावाचे तीनशे अक्षरांचे छोटे तुकडे आहेत, त्यांच्या दहा लाखांहून अधिक प्रती. त्यांच्याकडं स्वतःची अवजारं नाहीत. ते लाइन-वनचीच वापरतात.

पुढच्या शिक्षणाला परदेशात गेले तिथल्या प्रयोगशाळेत मी ही उडी मोजायला शिकले. १९९६ मध्ये तयार झालेली ती पद्धत मला आजही सुंदर वाटते. लाइन-वनच्या शेपटीला एक जनुक उलटं जोडायचं. हे जनुक पेशीला एका विषारी औषधापासून वाचवणारं, पण त्याच्या मधोमध एक अडथळ्याचा तुकडा अशा बेतानं घातलेला की तो फक्त लाइन-वनच्या आरएनएमधूनच कापला जाईल. म्हणजे ज्या पेशीत आरएनएची प्रत निघाली, अडथळा कापला गेला, आणि ती प्रत परत डीएनएत जाऊन बसली, तीच पेशी औषधात तगणार. बाकीच्या मरतात. जगलेल्या पेशींच्या वसाहती जांभळ्या रंगानं रंगवायच्या आणि मोजायच्या. एक वसाहत, एक उडी.

या पेशी हीला नावाच्या. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईंच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्या घेतल्या गेल्या. त्यांना न विचारता. त्याच वर्षी त्या गेल्या, आणि त्यांच्या पेशी अजून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. कुटुंबाला कित्येक वर्षं काही माहीत नव्हतं. या पेशींच्या जनुकसंचाची माहिती कुणी आणि कशी वापरायची यात कुटुंबाचं म्हणणं ऐकलं जाईल, असा करार २०१३ मध्ये अमेरिकी आरोग्य संस्थेनं केला. २०२३ मध्ये एका बड्या कंपनीनं कुटुंबाशी तडजोड केली. मी रोज सकाळी त्या पेशींना खाद्य घालत होते. तात्यांच्या पैशानं शिकलेलं कसब लॅक्सबाईंच्या पेशींवर वापरत होते, आणि दोघांपैकी कुणालाही मी नेमकं काय करते याची कल्पना नव्हती.

तिथंच एका संध्याकाळी मी २००५ मधला एक निबंध उघडला. न्यू ऑर्लिन्सच्या संशोधकांचा, आणि लेखकांत पहिलं नाव एस. पी. काळे. परमुलखात निबंधाच्या माथ्यावर असं आडनाव दिसलं की आपला माणूस थबकतोच. निबंध उघडायला हे शास्त्रीय कारण नव्हे, पण खरं कारण तेच. त्यांनी उडी मोजायची हीच पद्धत वापरून पेशींना जड धातूंच्या बारीक कणांच्या संगतीत ठेवलं होतं: पाऱ्याचा सल्फाइड, कॅडमियमचा सल्फाइड, निकेलचा ऑक्साइड. लाइन-वनच्या उड्या सुमारे तिपटीपर्यंत वाढल्या होत्या. त्याच गटाच्या निकेलवरच्या दुसऱ्या निबंधात असं दिसलं की आरएनए प्रती जास्त निघत नाहीत, वाढ होते ती प्रत निघाल्यानंतरच्या टप्प्यावर. आणि मॅग्नेशियम वाढवलं की निकेलचा जोर ओसरतो.

तक्त्यातलं ते कॅडमियम दुकानातलं केडीएम होतं, हे लक्षात यायला मला निबंध संपवून खोलीवर चालत जावं लागलं. त्या रात्री कोइमतूरला फोन केला. चुलतभावानं उचलला. म्हटलं, भट्टीशेजारची खिडकी उघडी ठेवत जा. तो हसला. "अक्का, वाऱ्यानं सोनं उडतंय."

तात्यांचा आजार त्यानंतर पुष्कळ वर्षांनी उघडा झाला. साठी ओलांडली होती, दुकान मुलावर सोपवून ते गावी आले होते. आधी हाडं दुखतात म्हणून गोळ्या झाल्या, मग लघवीत प्रथिनं जाताहेत असं निघालं, मग मूत्रपिंड चाळीस टक्क्यांवर आलंय असं कळलं. डॉक्टरांनी रक्तदाबाला दोष दिला, गुडघ्यासाठी खाल्लेल्या गोळ्यांना दिला. मी हट्टानं लघवीचा नमुना मुंबईला पाठवायला लावला. कॅडमियम जास्त निघालं. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन नावाचं लहानसं प्रथिनही जास्त निघालं. गाळून आलेलं ते प्रथिन परत घ्यायचं काम मूत्रपिंडाच्या ज्या नलिका करतात, त्यांनाच कॅडमियम आधी खातं. जपानच्या तोयामा भागात जिन्झू नदीच्या पाण्यावर पिकवलेला भात खाऊन बायकांची हाडं नुसत्या खोकल्यानं मोडायची, तो इताई-इताई रोग याच धातूचा. तिथल्या सरकारनं १९६८ मध्ये ते मान्य केलं. साचलेलं कॅडमियम अंगातून खात्रीनं काढून टाकणारं औषध आजही नाही.

रिपोर्ट आला त्या दिवशी ओसरीवर बसून तात्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "तू तिकडं नेमकं करतीस तरी काय गं?"

आता सांगायलाच हवं होतं. मी त्यांच्या खतावणीपासून सुरुवात केली. "तात्या, समजा वहीतलं एक पान असं आहे की ते स्वतःची नक्कल काढतं आणि दुसऱ्याच कुठल्या तरी खात्याच्या मध्ये नेऊन चिकटवतं. त्या खात्याचा हिशेब बिघडला. अशी पानं वहीत ढिगानं आहेत, पण बहुतेक फाटकी."

"आन् मुनीम काय झोपा काढतोय व्हय?"

या एका प्रश्नावर मी पुढं विद्यार्थ्यांना अख्खं व्याख्यान दिलं आहे. कॅडमियम डीएनएवर थेट हल्ला करण्यात फारसं पटाईत नाही. त्याचं मुख्य काम मुनीम निकामी करणं. पेशीत डीएनएची दुरुस्ती करणारी प्रथिनं असतात, त्यातल्या कितीएकांच्या पोटात जस्ताचा अणू असतो आणि त्याच्या आधारानं त्यांची घडी टिकते. कॅडमियम जस्ताचा भाऊबंद, ते त्या जागेवर हक्क सांगतं आणि घडी मोडते. कॅडमियम चुकीच्या अक्षरांची दुरुस्ती बंद पाडतं आणि त्यातून उत्परिवर्तनं वाढतात, हे यीस्टमध्ये २००३ सालीच दिसलं. लाइन-वनची नवी प्रत डीएनएत अर्धी विणली जात असताना तिचा लोंबता धागा कापून टाकणारी दुरुस्तीची एक जोडगोळी पेशीत असते. ती नसलेल्या पेशींत उड्या वाढतात. त्या दुरुस्तीची साखळी धातूंनी सैल केली की चिकटवाचिकटवीला मोकळीक मिळते. म्हणजे धातू पानाला उडी मारायला सांगतो यापेक्षा, चिकटवलेलं पान उपटणाऱ्याला तो बेशुद्ध करतो, हे स्पष्टीकरण मला जास्त पटतं. सगळ्या सहकाऱ्यांना पटतं असं नाही.

तात्या ऐकून घेत होते. मग म्हणाले, "मंजे माझ्यात उड्या मारतंय का ते?"

अशी उडी माणसात महागात पडते, याची उदाहरणं आहेत. १९८८ मध्ये हिमोफिलियाच्या २४० असंबंधित रुग्णांत दोन मुलगे असे सापडले की रक्त गोठवणाऱ्या आठव्या घटकाच्या जनुकात लाइन-वन येऊन बसला होता, आणि आईबापांच्यात तो तिथं नव्हता. १९९२ मध्ये मोठ्या आतड्याच्या एका कर्करोगात, गाठ होऊ न देणाऱ्या एपीसी जनुकात तो घुसलेला दिसला. उडी न मारताही हे तुकडे उपद्रव करतात. दोन अल्यू एकसारखे असल्यानं तुटलेला डीएनए जोडताना पेशीची गल्लत होते, एकाचं टोक दुसऱ्याला जोडलं जातं आणि मधला भाग गायब होतो. एलडीएल ग्राहकाच्या जनुकात असे तुकडे गळाल्यानं कोलेस्टेरॉल जन्मापासून चढं असलेली घराणी आहेत. आणि डीएनएची तोडमोड वाढवून वर तिची दुरुस्ती अडवणारा धातू या गल्लतीलाही वाट करून देतो.

हे सगळं खरं असून तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. प्रत्येक पेशीतली उडी वेगळ्या जागी पडते. लाखो पेशी एकत्र कुटून डीएनए वाचला तर एकेका पेशीतली नवी प्रत त्या गर्दीत दिसेनाशी होते. मूत्रपिंडाचा तुकडा काढून एकेक पेशी वाचावी लागेल, आणि इतकं करून दहा उड्या सापडल्या तरी त्यातली कुठली वयानं, कुठली विडीनं आणि कुठली मुशीनं घडवली हे कळणार नाही. विडी होतीच. तंबाखूचं झाड मातीतलं कॅडमियम पानांत ओढून घेतं. धूम्रपान करणाऱ्याच्या अंगात ते इतरांच्या साधारण दुप्पट सापडतं. आणि मूत्रपिंडाच्या नलिका खराब करायला कॅडमियमला लाइन-वनची मदत मुळीच लागत नाही. त्याचे दुसरे मार्ग पुष्कळ आहेत.

याच कारणानं वर्तमानपत्रात "प्रदूषणाने जनुके मारतात उड्या" असा मथळा दिसला की माझं डोकं उठतं. माणसांवरचे अभ्यास आहेत, चांगले आहेत, पण ते वेगळी गोष्ट मोजतात. पेशी लाइन-वनवर मिथाइल गटांचं कुलूप घालून त्याला गप्प ठेवते. बोस्टनच्या वयस्क पुरुषांमध्ये गुडघ्याच्या वाटीत साचलेलं शिसं जितकं जास्त तितकं रक्तपेशींतलं हे कुलूप ढिलं, असं दिसलं. मेक्सिको सिटीत आईच्या हाडातल्या शिशाचा असाच संबंध बाळाच्या नाळेतल्या रक्ताशी दिसला. आर्सेनिकला शरीर बाहेर काढतं तेच मुळी मिथाइल गट जोडून, म्हणजे कुलपासाठी लागणाऱ्याच साठ्यातून खर्च करून. पण कुलूप ढिलं झालं म्हणजे चोरी झाली, असं या अभ्यासांनी दाखवलेलं नाही. हीला पेशींच्या बशीतला आकडा आणि बोस्टनच्या म्हाताऱ्यांच्या रक्तातला आकडा एका दमात सांगितला की वाचकाला वाटतं सगळं सिद्ध झालं. तात्या चांदी सुधारताना शिसं वापरायचे, त्यामुळं हा मोह मला इतरांपेक्षा जास्त होतो, एवढं खरं.

मी तात्यांना म्हटलं, "माहीत नाही. आणि मला कळायचाही मार्ग नाही."

"टंच काढ की. पायजे तर रक्त घे माझं, लघवी घे, काय लागंल ते घे."

हे ते मनापासून बोलत होते. त्यांच्या लेखी ते पुन्हा एकदा फी भरत होते. मला त्यांच्याकडून खूप घेण्याची सवय होती, पण हे घेववेना. एका माणसाच्या रक्तातून शास्त्राला काही कळलं नसतं. व्याख्यानात दाखवायला एक हळहळ लावणारं चित्र तेवढं मिळालं असतं, "माझ्या काकांचं मूत्रपिंड" असं म्हणून. लॅक्सबाईंना कुणी विचारलं नव्हतं. तात्या न विचारता देत होते. दोन्ही वेळा घेणारा शिकलेलाच.

तेव्हा देणं फेडायचं ते रोखीनं, असं मी ठरवलं. चार तोळ्यांचा त्या दिवशीचा भाव काढला, मनिऑर्डरींचा अदमास धरला आणि रक्कम त्यांच्यापुढं ठेवली. मला वाटलं होतं ते रागावतील, नको म्हणतील. आमच्याकडं तशीच रीत आहे. तात्यांनी नोटा मोजल्या, दोनदा. व्याजाचं म्हणून मी वर घातलेलं बाजूला काढून परत केलं. "धंद्यात घरच्याकडनं व्याज घेत न्हाईत." मग विचारलं, "कोइमतूरच्या दुकानाला ते धूर वढायचं यंत्र बसवायचं म्हणत हुतीस, त्येला किती लागतील?"

लागले त्याहून जास्त. मुशीवर पत्र्याचं छत्र, त्यातून पाइप, पाइपात गाळणी, वर पंखा, आणि तेजाबासाठी चुन्याच्या पाण्यातून जाणारी वेगळी वाट. आता केडीएमचा जमाना सरला आहे. डाकात कॅडमियमऐवजी जस्त, इंडियम येतं, आणि २०२१ च्या जूनपासून हॉलमार्क टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला. पण आटवायला येतात ते दागिने कालचे असतात. आयांच्या, सासवांच्या पाटल्या आणि कानातले झुबे अजून वीस-तीस वर्षं मुशीत पडत राहतील आणि त्यातल्या केडीएमच्या प्रत्येक दागिन्याच्या सांध्यात ते आठ भाग असतील.

चुलतभाऊ पहिले काही महिने पंखा बंदच ठेवायचा. सोनं उडतंय म्हणून. तात्यांनी फोनवरून खडसावल्यावर सुरू केला. मग गाळणी भरली, आणि त्या धंद्यात वाढलेल्या माणसानं जे करावं तेच त्यानं केलं. गाळणी जाळली, राख कोळशाच्या भुकटीबरोबर मुशीत घातली आणि टंच काढला. सोनं निघालं, थोडं, पण निघालं. आनंदानं त्यानं मला फोटो पाठवला.

मी फोनवर ओरडले. गाळणीत अडकलेला कॅडमियमचा ऑक्साइड कोळशाशी तापवला की त्याचं पुन्हा कॅडमियम होतं आणि पुन्हा वाफ. वर्षभर अडवलेला धूर त्यानं एका दुपारी मोकळा केला होता. तो म्हणाला, अक्का, छत्राखालीच केलं की, पंखा चालू होता. मी म्हटलं, गाळणी काढून ठेवली होतीस ना? मग पंख्यानं तो धूर नेला कुठं? तो गप्प झाला. तात्या स्पीकरवर होते. ते म्हणाले, "सोनं किती निघालं त्ये सांग आधी."

गाळण्या आता डब्यात बंद करून ठेवतात. धोकादायक कचरा घेणाऱ्या कंपनीला विचारलं, ती एवढ्याशा मालाला यायला तयार नाही. मोठा सोनं-शुद्धी कारखाना घेतो, पण तो त्यातल्या सोन्याचा हिशेब देत नाही, म्हणून चुलतभाऊ देत नाही. डबे पाच झालेत. तात्यांचं म्हणणं, गल्लीतल्या सगळ्या गलाईवाल्यांनी मिळून डबे साठवावेत आणि भाव ठरवून एकदम द्यावेत. त्यासाठी त्यांनी दोघा गाववाल्यांना फोनही लावले आहेत. एकजण तयार आहे. दुसरा म्हणतो, आमच्यात पंखाच नाही.